सकाळी पिकअप सेल्फ उचलत नाही: जंप स्टार्टर घेण्याआधी काय तपासायचं आणि घ्यायचाच तर कोणता

सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर. जंप स्टार्टर म्हणजे बॅटरी उतरली की बाहेरून करंट देऊन गाडी सुरू करणारा, गाडीत ठेवायचा डबा; पुढे त्याला नुसतं डबा म्हटलं आहे. हे सगळं १२ व्होल्टच्या डिझेल पिकअपसाठी आहे. बोलेरो पिकअप, मॅक्सी ट्रक, दोस्त, टाटा एस (छोटा हत्ती) आणि त्या जातीच्या गाड्या. दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टवर चालणाऱ्या मोठ्या ट्रकला यातलं काही जसंच्या तसं लावू नका.

लक्षणं

चावी फिरवल्यावर नेमका कसला आवाज येतो, त्यावर अर्धं निदान होतं.

- सेल्फ रडत-रडत फिरतो, पुढच्या प्रत्येक वेळी आणखी मंद होतो. बॅटरी उतरलेली आहे, नाहीतर टर्मिनल किंवा केबल करंट अडवतेय.
- टक-टक-टक असा भराभर आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात. सेल्फचं सोलेनॉइड, म्हणजे त्याचा चुंबकी स्विच, ओढलं जातं, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं, ते सुटतं, पुन्हा ओढलं जातं. बॅटरी जवळपास रिकामी.
- एकच दणकट "टक्क" आणि पुढे काही नाही, पण हेडलाइट झगझगीत. इथे बॅटरीपेक्षा सेल्फवर संशय घ्या.
- दिवे नीट लागतात, पण सेल्फकडून आवाजच नाही. चावीचा स्विच, रिले, फ्यूज किंवा क्लच पेडलचा स्विच.
- दिवेही नाहीत, आवाजही नाही. टर्मिनल निसटलं आहे, मेन फ्यूज उडाला आहे किंवा बॅटरी ठार रिकामी आहे.
- सेल्फ जोमात फिरतो, इंजिन पकडत नाही. डिझेल, लाइनमधली हवा, फिल्टर, सेन्सर. हा वेगळा विषय. जंप स्टार्टर लावून यात काही हाती लागत नाही.

आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारं दुखणं: जंप दिला की गाडी पहिल्या झटक्यात सुरू, दिवसभर बिनबोभाट चालते, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मार्च उलटला की आणि पुन्हा सोयाबीन निघायच्या दिवसांत अशी गाडीवाली मंडळी विचारतात, "भाऊ, गाडीत ठेवायला जंप स्टार्टर कोणता घेऊ?" डबा घ्या, त्याला माझी ना नाही. रात्री दोनला भाजी घेऊन निघालेल्या माणसाला बालाघाटाच्या डोंगरात कोण धक्का देणार? पण रोज डबा लावून गाडी काढणं म्हणजे दुखणं अंगावर काढणं. दोन महिन्यांनी बॅटरी, सेल्फ आणि डबा तिघांचाही खर्च एकदम येतो. म्हणून आधी खालचं करून बघा. सोप्यापासून अवघडाकडे, फुकटापासून पैशाकडे.

आधी खिशात हात न घालता

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, क्लच पूर्ण दाबलेला. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच तळापर्यंत गेल्याशिवाय सेल्फला करंटच मिळत नाही. पायाखाली रबरी मॅट गोळा झाली असेल तरी पेडल अर्ध्यावर अडतं.

आता हेडलाइट लावा आणि समोर भिंतीकडे बघत सेल्फ मारा. उजेड एकदम मरतुकडा झाला तर दोष बहुधा बॅटरी किंवा तिच्या जोडण्यांत आहे. उजेड तसाच राहिला आणि सेल्फ गप्प राहिला, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये किंवा सेल्फ तो घेत नाहीये. पुढची निम्मी शोधाशोध या एका गोष्टीने वाचते, आणि चालू बॅटरी उगाच बदलली जात नाही.

मग रात्री गाडीत काय-काय चालू राहतं ते आठवा. लातूरच्या आडत बाजारात माल घेऊन येणाऱ्या एका आप्पांशी झालेलं बोलणं सांगतो.

"आप्पा, रात्री गाडीतच झोपता का?"

"झोपावंच लागतंय ना भाऊ. पहाटं नंबर लागला पाहिजे."

"मग पंखा?"

"पंख्याबिगर डास फोडून खातेत. पण एवढासा पंखा, त्यो किती खाणार?"

हिशेब करून बघा. केबिनचा छोटा पंखा साधारण सव्वा ॲम्पिअर घेतो. आठ तासांत १० ॲम्पिअर-अवर गेले. त्यात मोबाइल चार्जिंग आणि टेप. ८० एएचची (ॲम्पिअर-अवरची) बॅटरी नवी असेल तर हे सहज सोसते. तीच दोन उन्हाळे खाल्लेली असेल तर तिच्यात मुळातच निम्मी धमक उरलेली असते, आणि सकाळी ती हात वर करते. केबिनचा ५ वॅटचा बल्ब दार नीट न लागल्यामुळे दिवस-रात्र जळत राहिला तरी दिवसाला १० ॲम्पिअर-अवरच जातात. लग्नसराईत पिकअपवर ॲम्प्लिफायर चढवून इंजिन बंद ठेवून वाजवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. त्यांनी गाडीच्या बॅटरीला हातच लावू नये, जनरेटर आणावा.

टर्मिनल

एक १० नंबरचा पाना, एक सँडपेपरचा तुकडा, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा. आधी मायनस काढायचं, मग प्लस. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. कारण सोपं आहे: गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. प्लस खोलताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस जागेवर असेल तर पाना लाल होईपर्यंत करंट वाहतो. हातातलं कडं आणि अंगठी आधी काढून ठेवा.

पांढरी-हिरवी बुरशी सगळ्यांना दिसते आणि ती सगळे धुतात. फसवणारं टर्मिनल वरून स्वच्छ असतं. ते खोलून बोट आत फिरवा. शिशाच्या खुंटाला आणि टर्मिनलच्या आतल्या कड्याला काळपट, मंद रंगाचा थर दिसेल, नखाने खरवडला तर खाली चकचकीत शिसं उघडं पडतं. हा थर डोळ्याला काहीच वाटत नाही. पण डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे-तीनशे ॲम्पिअर ओढतो आणि पहिल्या झटक्याला त्याहूनही जास्त. २५० ॲम्पिअर वाहताना एक हजारांश ओहमचा अडथळासुद्धा पाव व्होल्ट खाऊन टाकतो. असे चार सांधे खराब असले की एक व्होल्ट रस्त्यातच संपला. बॅटरी चांगली असूनही सेल्फला वाटतं ती उतरली आहे. दिवे मात्र दहाएक ॲम्पिअरवर चालतात, त्यांना काही फरक पडत नाही, म्हणून "दिवे तर लागतात की" हा पुरावा धरू नका.

खुंट आणि कडं दोन्ही चमकेपर्यंत घासा, सोड्याच्या पाण्याने धुवा, सोडा झाकणातून बॅटरीत जाऊ देऊ नका, कोरडं करा, घट्ट बसवा, मग वरून व्हॅसलीन. ग्रीस-व्हॅसलीन सांध्याच्या आत भरायचं नसतं. टर्मिनल हाताने पिळून फिरत असेल तर त्यात खिळा किंवा पत्र्याचा तुकडा ठोकू नका. नवं टर्मिनल बसवा. मायनसची दुसरी बाजू चेसिस आणि इंजिनला जिथे बोल्टने धरलेली असते तिथेही हेच करायचं. चिखल-मुरूम उडून त्या बोल्टखाली गंज धरतो, आणि तिकडे कुणी बघतच नाही.

पाणी आणि वय

बॅटरी झाकणवाली असेल तर सहाही घरं (सेल) उघडून बघा. पाणी प्लेटच्या वर बोटाच्या अर्ध्या पेराइतकं, किंवा अंगावरच्या खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर फक्त डिस्टिल वॉटर. आपल्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड असतं की चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो. तेच क्षार प्लेटवर बसतात. आरओचं पाणीसुद्धा डिस्टिल नव्हे. आणि "जोर येईल" म्हणून ॲसिड तर कधीच टाकू नका. आटतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. वरून आणखी टाकलं की ते दाट होऊन प्लेट खातं.

एकाच घरातलं पाणी वरचेवर कमी होत असेल तर तो सेल गेला म्हणून समजा. सगळ्या घरांतलं भराभर आटत असेल तर आल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी भरणारा डायनामो) जास्त चार्ज करतोय.

बॅटरी थंडीत मरते असं सगळे म्हणतात. आपल्याकडे तिला मारतो तो एप्रिल-मे. उष्णतेने आतली झीज वेगाने होते, पाणी उडतं, प्लेटचा मसाला सुटतो. उन्हाळ्यात इंजिन सैल फिरतं म्हणून कळत नाही; परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला, तेल घट्ट झालं, की मग तीच बॅटरी उघडी पडते. अडीच-तीन वर्षांची झाली असेल तर तिच्याकडून फार आशा ठेवू नका. वॉरंटी कार्ड मात्र गाडीच्या कागदांत ठेवा. अनेकांची बॅटरी मुदतीत जाते आणि कार्ड सापडत नाही.

तीनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर

जंप स्टार्टरच्या आधी हा घ्या. डीसी २० व्होल्टवर लावायचा, लाल प्लसवर, काळी मायनसवर.

सकाळी गाडी सुरू करण्याआधी १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे तळाला आलेली. गाडी आत्ताच बंद केली असेल तर आकडा खोटा चढा दिसतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, मग मोजा. रात्रभर चार्जरवर ठेवूनही १०.५ च्या आसपासच अडकलेली असेल तर सहापैकी एक सेल मेलेला आहे, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. ती बॅटरी बदला. तिच्यावर जंप स्टार्टर लावलात तर डब्याचा करंट आधी तीच गिळेल.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. साडेनऊ-दहाच्या वर टिकला तर बॅटरीत जीव आहे. विश्रांतीत १२.६ आणि सेल्फला ७-८ असेल तर बॅटरी नावाला भरते, वजन पेलत नाही.

इंजिन सुरू झालं की जरा रेस ठेवून मोजा: १३.८ ते १४.५ हवं. हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही साडेतेराच्या खाली जाऊ नये. खाली जात असेल तर आधी बेल्ट बघा, ढिला असेल किंवा काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर तो घसरतो. बेल्ट ठीक असेल तर आल्टरनेटरचे कार्बन, डायोड किंवा कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर). पंधराच्या वर जात असेल तरी कटआउटच. जंप दिला की चालते, सकाळी बसते, या तक्रारीत मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे हे कमी पडणारं चार्जिंगच. बॅटरी नवी आणली जाते, तीही महिन्याभरात बसते, आणि दुकानदाराशी भांडण होतं.

एक विनंती. "डायनामो चार्जिंग मारतो का" ते बघायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उपटायची जुनी रीत आहे. जुन्या गाड्यांना ती कशीबशी चालून गेली. आताच्या कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) गाडीत टर्मिनल निघताच व्होल्टेज उसळतं आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, किंवा आल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. कुणी हात घालायला लागला तर त्याला थांबवा.

रात्री कोण पितंय

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी सकाळी उतरलेली. मग गाडी बंद असताना काहीतरी करंट ओढतंय. सगळी दारं बंद, चावी बाहेर, अर्धा तास थांबा, म्हणजे गाडीचे कंट्रोलर झोपतात. मायनस टर्मिनल काढा, मल्टिमीटर १० ॲम्पिअरवर लावून तो टर्मिनल आणि खुंट यांच्यामध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज किंवा मीटरच गेला.

०.०५ ॲम्पिअरपर्यंत ठीक. अर्धा ॲम्पिअर दिसला तर दिवसाला १२ ॲम्पिअर-अवर जातात. तीन दिवस गाडी उभी राहिली की निम्मी बॅटरी रिकामी. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला, त्या लाइनवर चोर. बहुतेक वेळा कंपनीची वायरिंग निर्दोष असते. चोर सापडतो तो नंतर जोडलेल्या सामानात: थेट बॅटरीवरून घेतलेला टेप, एलईडी पट्ट्या, रिव्हर्स हॉर्न, फायनान्सवाल्यांनी किंवा मालकाने बसवलेलं जीपीएस. जीपीएस स्वतः थोडंच खातं, पण वायर सोलून नुसती गुंडाळलेली असेल तर त्या जोडावरून ओल आली की गळती सुरू.

इथपर्यंतचं कुणीही घरी करू शकतो. सेल्फ खाली उतरवणं, कार्बन-बुश बदलणं, आल्टरनेटर खोलणं हे ऑटो इलेक्ट्रिशियनवर सोडा. गाडीखाली झोपून पान्याने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ फिरवायचा खेळ तर मुळीच करू नका. गाडी गिअरमध्ये असली तर ती तुमच्या अंगावरून जाईल.

आता डबा

वरचं सगळं नीट झाल्यावर जंप स्टार्टर गाडीत असायला माझी पूर्ण संमती आहे. दिवे चालू राहिले, दार उघडं राहिलं, बॅटरी अचानक गेली, तर रस्त्यात तो सोडवतो. नव्या गाड्यांत धक्का-स्टार्टचाही भरवसा राहिला नाही. ईसीएमला आणि इंजेक्टरला व्होल्टेजच नसेल तर उतारावरून कितीही पळवा, इंजिन पकडत नाही.

दुकानात आणि खोक्यावर पहिला आकडा दिसतो तो एमएएचचा (मिलिॲम्पिअर-अवर, म्हणजे साठ्याचा). २०,००० एमएएच, ३०,००० एमएएच. तो बाजूला ठेवा. २५० ॲम्पिअरने तीन सेकंद सेल्फ फिरला तर खर्च होतात जेमतेम ०.२ ॲम्पिअर-अवर. म्हणजे साठा फार लागत नाही, एका झटक्यात सोडायची ताकद लागते. शिवाय एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेला असतो. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर. दोन डबे तोलायचे तर वॅट-अवर बघा.

दुसरा आकडा पीक ॲम्पिअरचा. १०००, २०००, ३०००. हा क्षणभराचा असतो, आणि तो कसा मोजायचा याचं सगळ्यांना बांधील असं एक माप नाही, त्यामुळे जो तो आपल्या मनाने छापतो. त्याऐवजी स्टार्टिंग किंवा क्रँकिंग करंट वेगळा लिहिला आहे का ते बघा, आणि डिझेल इंजिन किती लिटरपर्यंत हे बघा. पेट्रोलचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, डिझेलचा बारीक अक्षरात. डिझेलमध्ये हवा पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त दाबली जाते, म्हणून तेवढ्याच लिटरचं इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. बोलेरो पिकअपचं इंजिन अडीच लिटरचं आहे. तिला मी "डिझेल ४ लिटर" किंवा त्याहून वर लिहिलेला डबा सांगतो, कारण दीड-दोन वर्षांनी डब्याचीही ताकद घटते. दोस्त दीड लिटरची, तिला डिझेल अडीच-तीन लिटरचा पुरतो. छोट्या हत्तीच्या ७०२ सीसी इंजिनला जवळपास कुठलाही बरा डबा चालतो. तिथे उगाच मोठा घेऊन पैसे घालवू नका.

वायर आणि चिमटे हातात घेऊन बघा. वायर जाड, तांब्याची आणि आखूड हवी. वर नुसतं जाड रबर आणि आत बारीक तार असा माल खूप आहे; वजनाने कळतं. चिमट्याचे दोन्ही जबडे आतून जोडलेले हवेत, नाहीतर एकाच बाजूने करंट जातो आणि ती बाजू तापते. चिमट्याजवळच्या छोट्या डबीत उलटं जोडलं, शॉर्ट झालं, जास्त तापलं, गाडीकडून करंट उलटा आला, यापासून संरक्षण असतं. ते नसलेला डबा मी फुकट मिळाला तरी घेणार नाही. रात्री टॉर्चच्या उजेडात प्लस-मायनस उलटं होणं अगदी सहज घडतं.

बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर स्मार्ट चिमट्याला समोर बॅटरी आहे हेच कळत नाही आणि तो करंट सोडत नाही. त्यासाठी बूस्ट किंवा ओव्हरराइड बटण लागतं. ते असलेलाच घ्या, पण लक्षात ठेवा: बहुतेक डब्यांत ते बटण दाबल्यावर संरक्षण बंद होतं. दाबण्याआधी लाल कुठे, काळा कुठे, दोनदा बघा.

आता आपल्या हवेचा मुद्दा, आणि माझ्या मते मराठवाड्यात डबा निवडताना हाच सगळ्यात मोठा आहे. लिथियमच्या बहुतेक डब्यांवर ठेवायची मर्यादा ६० अंशांच्या आसपास लिहिलेली असते आणि चार्ज करायची ४५ पर्यंत. बाहेर ४२ असताना मोंढ्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद केबिनचा डॅशबोर्ड ७० च्या पुढे जातो. तिथे ठेवलेला डबा एका उन्हाळ्यात फुगतो. त्यामुळे सेल कोणता आहे हे विचारा. लिथियम आयर्न फॉस्फेट थोडा जड, पण उष्णता जास्त सोसतो आणि जास्त वर्षं टिकतो. साधा लिथियम पॉलिमर हलका आणि स्वस्त, त्याला सावली हवी. तिसरा प्रकार सुपरकपॅसिटरचा: त्यात साठा राहत नाही, तो तुमच्याच उतरलेल्या बॅटरीतला उरलासुरला करंट दोन-चार मिनिटांत गोळा करून एकदम सोडतो. लिथियमपेक्षा तो ऊन जास्त सोसतो आणि महिनोन् महिने चार्ज करायची कटकट नाही. पण बॅटरी पूर्ण मेली असेल तर त्याला आधी दुसरीकडून, पॉवर बँक वगैरेवरून, भरावं लागतं, आणि इंजिन एका-दोन दमात लागलं नाही तर पुन्हा थांबा. रोज दिवसभर उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर मी हाच सुचवतो. शिशाच्या बॅटरीचा मोठा पेटीसारखा जंप स्टार्टर गॅरेजसाठी चांगला. गाडीत तो जड होतो आणि दर महिन्याला चार्ज मागतो.

हवा भरायचा पंप जोडलेला डबा घ्यावा का? कारच्या टायरला ठीक. पिकअपच्या मागच्या टायरला लागणारी हवा भरेपर्यंत तो पंप तापून बंद पडतो, आणि नेमक्या वेळी डबाही रिकामा. वेगळं घ्या. सेलवर बीआयएसची खूण आणि आयएस १६०४६ हा क्रमांक आहे का ते बघा, पक्कं बिल घ्या.

ठेवायची जागा: सीटखाली किंवा सीटमागे, कापडी पिशवीत, चिमटे एकमेकांना लागणार नाहीत असे. टूलबॉक्समध्ये जॅक आणि पान्यांबरोबर नको. दर दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढून सावलीत चार्ज करा. रोज मोबाइल त्याच्यावर लावत बसलात तर गरजेच्या रात्री तो एका दांडीवर सापडेल.

लावायचा कसा, आणि डबा असूनही गाडी लागली नाही तर

सगळे दिवे, टेप, पंखा बंद. बिडी-सिगारेट लांब, बॅटरीतून हायड्रोजन निघतो. लाल चिमटा प्लसवर, काळा इंजिनच्या उघड्या लोखंडावर किंवा डब्याच्या माहितीपत्रकात सांगितलं असेल तसा, मग डबा सुरू. सेल्फ तीन सेकंद, फार तर पाच. नाही लागली तर अर्धा-एक मिनिट थांबा, सेल्फ आणि डबा दोघांनाही निवू द्या. लागली की अर्ध्या मिनिटात डबा बंद करून काळा आधी, लाल नंतर काढा. मग लगेच इंजिन बंद करून चहाला बसू नका. तासभर चालवा आणि रात्री बॅटरी चार्जरवर लावा; आल्टरनेटर पार रिकामी बॅटरी भरायला बनवलेला नसतो.

डबा हिरवा दिवा दाखवतो पण सेल्फ टक-टकच करतो: चिमटे बुरशीवर बसलेत का बघा, हलवून नवीन जागी पकडा. तरीही तेच, तर डबा लावलेला ठेवून चार-पाच मिनिटं थांबून पुन्हा मारा. दिवे आता झगझगीत आणि सेल्फ गप्प, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या स्विच-रिलेत. डबा तिथे काही करणार नाही. तीन प्रयत्नांत लागली नाही तर डबा काढून ठेवा.

जंपर केबल असेल तर शेजारची पिकअप किंवा ट्रॅक्टर १२ व्होल्टचा आहे याची खात्री करून मदत घेता येते. ढाब्यावरच्या ट्रकवाल्याने कितीही आपुलकीने म्हटलं तरी २४ व्होल्टवरून जंप घेऊ नका. इलेक्ट्रॉनिक्स एका क्षणात जळू शकतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

बॅटरी फुगलेली, तडकलेली, हाताला चटका बसेल इतकी गरम किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिला काहीही जोडू नका. डबा फुगला असेल तर चार्जिंगला लावू नका आणि भंगारवाल्याला हातोड्याखाली देऊ नका, लिथियम पेटतं. ॲसिड डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि थेट दवाखाना.

केबल किंवा वायरिंगमधून धूर आला, एकच फ्यूज पुन्हा-पुन्हा उडत असेल, इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ घुरघुरत राहिला, मीटरवर १५ च्या वर व्होल्टेज दिसलं किंवा इमोबिलायझरचा (चावी न ओळखल्यास इंजिन अडवणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहिला, तर पुढे स्वतः काही करू नका. इमोबिलायझर आणि ईसीएमचं काम स्कॅनर असलेल्याकडेच द्या.

आणि इलेक्ट्रिशियनला फोन करताना चार गोष्टी सांगा: सेल्फ न मारता किती व्होल्ट, सेल्फ मारताना किती, चालू इंजिनवर किती, आणि बॅटरी कोणत्या महिन्या-वर्षाची. एवढं कळलं की तो निघतानाच ठरवतो, बॅटरी सोबत घ्यायची, कटआउट घ्यायचा की सेल्फ उतरवायची तयारी ठेवायची, आणि तुमचा एक हेलपाट्याचा खर्च वाचतो.